घोषित कशाला केला?

भातकापणी उरकली की रामवाडीच्या आसपासच्या खाचरांत खेळपट्ट्या उगवतात. धसकटं काढलेल्या, पाणी मारून चोपलेल्या. चेंडू टेनिसचा, बांध हीच सीमारेषा, आणि डाव फार तर सहा-आठ षटकांचा. समालोचकाला माइकवर श्वास घ्यायची फुरसत नसते, कारण पहिल्या फेरीपासून चषकवाटपापर्यंत सगळं एका रविवारात बसवायचं असतं. सोमवारी पोरांना ड्यूटी!

शेजारून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग मात्र जुन्या वळणाचा कसोटीपटू आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, दशक उलटलं, तरी त्याने विकेट फेकलेली नाही. रामवाडीला एसटीची वाट बघत उभं राहिलं की मला हटकून वेळेचं बंधन नसलेलं क्रिकेट आठवतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रेलियातल्या कसोट्या निकाल लागेपर्यंत चालत. सामना अनिर्णित राहायलाच नको, हा त्यामागचा विचार. त्या विचाराची फजिती झाली ऑस्ट्रेलियाबाहेर, डर्बनला, अशाच एका निकालापर्यंतच्या कसोटीत. दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड ३ मार्च १९३९ रोजी खेळायला लागले ते १४ तारखेपर्यंत खेळतच होते. पाऊस यायचा, मागून रोलर फिरायचा आणि फलंदाजांची पुन्हा चंगळ. इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या. ५ बाद ६५४ झाल्या आणि पुन्हा पाऊस आला. केपटाऊनहून बोट सुटणार होती, तिच्यासाठी आगगाडी गाठायची होती. ४२ धावा आणि पाच गडी शिल्लक असताना मंडळींनी बाडबिस्तरा आवरला. काळाला मैदानाबाहेर काढलं होतं. तो रेल्वेच्या वेळापत्रकातून परत आला. सामना अनिर्णित!

यानंतर बरोबर दहा वर्षांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. तोही निकाल लागेपर्यंत खेळायचा. मुंबईने ६५१ केल्या. त्यात सुनील गावसकरांचे मामा माधव मंत्री यांच्या २००. महाराष्ट्र ४०७. मग मुंबई पुन्हा खेळायला आली आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतकं.

माझं घोडं इथे अडतं. वेळ संपणारच नव्हती, तर घोषित कशाला केला? दोन गडी शिल्लक होते, दिवस अमर्याद होते, आघाडी ९५८ची होती. मला वाटतं, तो कर्णधार सज्जन असावा. किंवा नुसता कंटाळला असावा.

महाराष्ट्राची तऱ्हा याहून न्यारी. ९५९ होणार नाहीत हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तरी त्यांनी ६०४ केल्या! मधुसूदन रेगे यांनी पहिल्या डावात १३३ आणि या डावात पुन्हा १००. हरायचंच आहे, तर नीट जेवूनखाऊन हरू, असा हा खास पुणेरी खाक्या. सातव्या दिवशी ३५४ धावांनी निकाल लागला.

एकूण धावा २,३७६, शतकं नऊ. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा आजवर झालेल्या नाहीत. फलंदाजांची नावं लोक अजून घेतात. सात दिवस चेंडू टाकणाऱ्यांची सहसा कुणी घेत नाही. खरं तर हारतुरे त्यांच्याच गळ्यात पडायला हवे होते.