वॉर्डनकाका

टंचाई आली की ज्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी येते, अशी माणसांची एक जात आहे. सुबत्ता त्यांना मानवत नाही. 'एकावर एक फ्री'ची पाटी दिसली की ती अस्वस्थ होतात, लग्नात टाकलेली ताटं पाहिली की त्यांचा रक्तदाब चढतो, आणि घरात सगळं मुबलक असलं की दिवसभर करायचं काय हेच त्यांना सुचत नाही. पण पाणीकपात जाहीर होऊ दे, कांदा शंभरीला टेकू दे. सकाळपासून अंगात कणकण म्हणून पडलेला माणूस सदरा चढवून 'चला, घरात काय काय आहे बघू' म्हणत बाहेर येतो.

आमच्या इमारतीतले वॉर्डनकाका याच जातीचे. त्यांचं खरं आडनाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असेल. पोस्टमनसुद्धा त्यांना वॉर्डनकाकाच म्हणतो. १९७१ साली ते गिरगावात चाळीत राहायचे आणि नागरी संरक्षण दलाचे वॉर्डन होते. काम काय, तर भोंगा झाला की चाळीतल्या लोकांना जिन्याखाली जमवायचं आणि रात्री शिट्टी घेऊन फिरायचं. काचांना काळा कागद लावलाय का, तुकडे उडू नयेत म्हणून वर पट्ट्या चिकटवल्यात का, मोटारींचे दिवे अर्धे काळे केलेत का, मजल्यावर वाळूच्या बादल्या भरल्यात का. गॅलरीत कोणी बिडी ओढताना दिसला तर 'अख्खी मुंबई दाखवून द्याल त्यांना!' म्हणून ओरडायचं. ३ डिसेंबरला सुरू झालेलं ते युद्ध १६ तारखेला ढाक्यातल्या शरणागतीनं आटोपलं. काकांना मात्र कोणी लेखी कळवलं नाही, त्यामुळे ते ड्यूटीवरच राहिले.

मधली जवळजवळ पन्नास वर्षं तशी वायाच गेली. रेशनच्या रांगा संपल्या, घरोघरी गॅस आला, टेलिफोनसाठी नंबर लावायचे दिवस गेले. काकांनी दारूगोळा मात्र कोरडा ठेवला होता. त्यांच्या माळ्यावर मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या गाठी मारून गुंडाळलेल्या होत्या, हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटल्या होत्या, जुन्या कॅलेंडरांची कोरी मागची पानं होती, आणि एक वातीचा स्टोव्ह होता, ज्याला घालायला रॉकेल आता मिळत नाही. काकू दर दिवाळीला 'हे काढा' म्हणायच्या. काका म्हणायचे, 'वेळ सांगून येत नाही.'

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता वेळ सांगून आली. कोरोनामुळे मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळं बंद. इमारतीतली निम्मी माणसं पायात सापडेल ती चप्पल घालून वाण्याकडे धावली. काका जागचे हलले नाहीत. 'एकवीस दिवस?' ते म्हणाले. 'आमचं चौदा दिवसांत आटोपलं होतं.' मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान घेतलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि माणशी साखर किती, तेल किती, गहू किती याचा तक्ता आखायला बसले. घरात माणसं दोनच, त्यामुळे तक्ता छोटा झाला. याचं त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

पुढचे काही आठवडे त्या घरात युद्धकालीन अर्थव्यवस्था कशी राबवली गेली हे आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. चहाची साखर डब्याच्या झाकणानं मोजली जाई. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्यांचं सार, शिळ्या पोळीचा कुस्करा, हे सगळं पुन्हा ताटात आलं. खरं तर यात नवं काही नव्हतं. काकूंच्या सासूबाई हेच करायच्या आणि त्याला कोणी नाव देत नसे. काकांनी त्याला तक्ता दिला. गॅस वाचावा म्हणून वरणाला एक उकळी आली की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायची योजनाही निघाली. वरण खरोखर शिजायचं. फक्त रात्री काका ती गोधडी पांघरून झोपले की घरभर हिंगाचा वास सुटायचा.

भाजीवाला आला नाही, ब्रेड मिळत नाही, अशी कोणी तक्रार केली की काका बाहत्तरच्या दुष्काळातली मिलो काढत. ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला धड येत नसे आणि गिळायला त्याहून नसे, हे वर्णन ते इतक्या प्रेमानं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं काहीतरी राहूनच गेलं आयुष्यात.

पासष्टच्या युद्धात शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा असं देशाला सांगितलं होतं. तेव्हा काका एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी ते पाळलं होतं. आता त्यांनी घरात तो सोमवार पुन्हा सुरू केला. पण मराठी घरात सोमवार म्हटला की त्याला उपासाचं अंग येतंच. काकूंनी पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी केली, दुसऱ्या सोमवारी वर बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटीही केली. महिन्याच्या हिशेबात काकांच्या लक्षात आलं की दाणे, तूप आणि साबुदाणा यांवर गेलेले पैसे चार रात्रींच्या भात-आमटीपेक्षा बरेच जास्त आहेत. त्यांनी तो सोमवार गुपचूप मागे घेतला. माघार असा शब्द मात्र कुठेही लिहिला नाही.

एका बाबतीत अख्खी इमारत त्यांच्या मार्गावर आली. लोक दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायला लागले. काका या क्षेत्रातले जुने. ते पिशवी कापून आतून धुवायचे, ते पांढरं पाणी चहात घालायचे आणि पिशवी गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यानं वाळत टाकायचे. त्या दोरीवरून इमारतीनं त्यांची वर्षानुवर्षं थट्टा केली होती. आता सगळ्याच गॅलऱ्यांत पिशव्या फडफडताना पाहून ते नुसते हसले. मास्कचंही तसंच. सरकारनं तीन पदरी मास्कला दहा रुपयांची मर्यादा घातली होती. काकांना ते दहा रुपयेही उधळपट्टी वाटले. त्यांनी जुने सदरे आणि लेंगे उसवून काकूंकडून मास्क शिवून घेतले. एका मास्कवर सदऱ्याचा खिसा तसाच राहिला होता. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला, वाण्याची यादी ठेवायला.

'शिवून घेतले' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. युद्धकाळातल्या काटकसरीच्या गोष्टी पुरुष सांगतात. शिरा सोलायला, पातेली गुंडाळायला आणि लेंगे उसवायला दुसरंच कोणी बसलेलं असतं. काकू एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मास्कमधून म्हणाल्या, 'रेशनिंग यांचं, रांग माझी.' आणि गेल्या.

पाच एप्रिलची रात्र मात्र खास काकांची होती. नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करा, असं आवाहन झालं होतं. दिवे बंद! इतक्या वर्षांनी! त्यांनी शिट्टी पितांबरीनं घासून ठेवली. नऊला बटणं पटापट बंद झाली आणि इमारत काळोखात बुडाली. काकांनी गॅलरीत येऊन छाती भरून तो अंधार घेतला, आणि पुढच्याच क्षणी समोरच्या, बाजूच्या, वरच्या सगळ्या गॅलऱ्यांत पणत्या, मेणबत्त्या आणि मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्या. आवाहनाचा हा दुसरा अर्धा भाग त्यांनी कानाआड केला होता. शरीरानं जुनं शिक्षण आठवलं. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गरजले, 'तिसरा मजला! दिवा विझवा! चौथा मजला, दिवा!' लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. पलीकडच्या इमारतीतून चार शिट्ट्या उत्तरादाखल आल्या, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. फक्त चौथ्या मजल्यावरच्या रिटायर्ड बँक मॅनेजरनी दचकून आपली पणती फुंकून टाकली. दुसऱ्या दिवशी बातमी आली की त्या नऊ मिनिटांत देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं उतरली होती. काकांनी एवढंच विचारलं, 'बिलात किती धरणार?' जूनमध्ये बिल आलं तेव्हा उत्तर मिळालं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गंमत वगळली तर त्यांची खरी पंचाईत दुसरीच होती. एकाहत्तरात शत्रू वरून येणार होता, म्हणून माणसं खाली एकत्र जमवायची. जिन्याखालच्या त्या अंधारात चाळीतले जुने अबोले सुटल्याचं काका सांगतात. कोणी चहाची किटली आणी, कोणाचं पोर कोणाच्याही मांडीवर झोपे. आणि इथे जमणं हाच गुन्हा. पहिल्या आठवड्यात ते रीतीप्रमाणे दारोदार फिरले. कोणी दार उघडेना. सेफ्टी डोअरच्या जाळीतून आवाज यायचा, 'काका, ग्रुपवर मेसेज टाका ना.' वॉर्डनला दार उघडत नाहीत म्हणजे काय! तरी त्यांनी तेही शिकून घेतलं. मेसेज मात्र तारेच्या हिशेबानं लिहायचे, शब्दाला पैसे पडत असल्याच्या बेतानं: 'दूध आले. एकेक उतरा. बोलू नका. वॉर्डन.' २०१३ साली तार बंद झाली ती एवढ्यासाठीच की काय, सगळ्या तारा काकांच्या मोबाइलमध्ये येऊन बसल्या होत्या.

मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक घर पॉझिटिव्ह निघालं. महापालिकेची माणसं आली, गेटला बांबू आडवे बांधून फलक लावून गेली. इमारत सील. लिफ्टच्या बटणाला हात लावायला लोक घाबरत, जिन्यात एकमेकांसमोर यायला त्याहून. सामान गेटवर येऊन पडे आणि वर न्यायचं कसं यावर ग्रुपवर शंभर मेसेज होत. काका माळ्यावर चढले. मिठाईच्या खोक्यांच्या त्या दोऱ्या चौपदरी पिळून त्यांनी तीन मजले पुरेल असा दोर केला, त्याला भाजीची वेताची टोपली बांधली आणि चाळीतल्या पद्धतीनं गॅलरीतून खाली सोडली. वॉचमन खालून भरे, ज्याच्या गॅलरीसमोर टोपली थांबे तो काढून घेई. दोराला इतक्या गाठी होत्या की हात सटकायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरासमोर टोपली दिवसातून दोनदा थांबायची, औषधांसाठी आणि काकूंच्या मुगाच्या खिचडीसाठी. त्या खिचडीवर तूप असायचं. तक्त्यात हे तूप कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तक्त्यात नव्हती. कामाला येणाऱ्या मावशी त्या काळात येऊ शकत नव्हत्या. इमारतीत यावर बरीच चर्चा झाली. अर्धा पगार द्यावा का, दोन महिन्यांनंतर द्यावा का, वगैरे. काकूंनी चर्चेत भाग घेतला नाही. त्या दर एक तारखेला पूर्ण पैसे मावशींच्या मुलाच्या खात्यात टाकायला लावत. चहाच्या साखरेवर पहारा देणारे काका यावर काय म्हणतात याची मला उत्सुकता होती. त्यांच्या आईनं १९६२ साली, चीनच्या वेळी, संरक्षण निधीला एक पाटली दिली होती. तिची पावती अजून फायलीत आहे. काकांनी हिशेबाच्या पानावर 'संरक्षण निधी' असा एक रकाना काढला आणि आकड्याची जागा दर महिन्याला कोरी ठेवली.

२०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. काका आणि काकू संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, पलीकडच्या गल्लीतल्या महापालिकेच्या दवाखान्यात गेले. सोबत मीही होतो, रजिस्ट्रेशनचं मोबाइलवर बघायला. काकांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं रेशनकार्ड काढलं. आधारकार्ड लागतं म्हटल्यावर ते नाराज झाले, पण काकूंनी पर्समधून दोघांची आधारकार्डं आधीच काढली होती.

काका-काकूंना धरून आत नऊ जण बसले होते आणि कोणालाच सुई टोचत नव्हते. काकांनी कारण विचारलं. सिस्टर म्हणाल्या, 'एका बाटलीत दहा डोस असतात. एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. आणखी एक माणूस आला की उघडते. उगाच वाया नको.'

काकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी त्यांच्या घरात कधी पाहिली नव्हती. 'वाया नको' हे वाक्य पन्नास वर्षांत प्रथमच दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांच्या कानावर पडत होतं. ते उठले. काकू म्हणाल्या, 'अहो, बसा.' ते केव्हाच रस्त्यावर पोचले होते.

चौथ्या मजल्यावरचे ते बँक मॅनेजर 'आधी दुसऱ्यांना घेऊ दे, मग बघू' या मताचे होते आणि ग्रुपवर तसे लेखच्या लेख पाठवत होते. ते शिट्टीला दचकतात हे काकांनी पाच एप्रिललाच हेरून ठेवलं होतं. त्यांच्या गॅलरीखाली उभं राहून काकांनी शिट्टी फुंकली. 'चौथा मजला! आधारकार्ड घेऊन ताबडतोब खाली!'

गृहस्थ पायजम्यावर आले. बाटली उघडली. दहाच्या दहा डोस दिले गेले. टोचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवत. काकांना त्यात काही त्रास झाला नाही. पंधराव्या मिनिटाला ते उठून सिस्टरपाशी गेले आणि रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, 'ही टाकणार असाल तर मला द्या. कुंकवाला बरी आहे.'

'नाही देता येत काका,' सिस्टर म्हणाल्या. 'रिकाम्या बाटलीचाही हिशेब द्यावा लागतो.'

काकांनी टाचा जुळवून सलाम ठोकला.