टिंबामागचं बिऱ्हाड

मॅकवाल्या माणसानं विंडोजवाल्याला पेन ड्राइव्ह दिला की तासाभरात फोन येतो. "अरे, सातच फोटो मागितले होते, इथे पंधरा फाइली दिसतायत. आणि ही टिंब डीएस स्टोअर काय भानगड आहे? हॅक-बिक नाही ना होणार?" हा फोन बहुधा अशा काकांचा असतो, ज्यांनी स्वतःचं आधार, पॅन आणि तीन बँकांचे रद्द केलेले चेक फॅमिली ग्रुपवर टाकून "सेव्ह करून ठेवा रे" असं सगळ्यांना बजावलेलं असतं.

काकांचा हिशेब चुकीचा नसतो. मॅक प्रत्येक फोटोमागे टिंब आणि अंडरस्कोअर लावलेला एक जोडीदार पाठवतो, म्हणजे झाले चौदा. पंधरावी '.डीएस_स्टोअर'. ती मॅकवर फोल्डर उघडून दाखवणारा 'फाइंडर' बनवतो. तुम्ही फोल्डर उघडून आयकॉन इकडचे तिकडे केलेत, यादीऐवजी चित्रं बघितलीत, खिडकी जरा मोठी केलीत, की हा गडी सगळं टिपून ठेवतो. पुढच्या वेळी फोल्डर जसं सोडलं तसंच सापडावं, एवढाच हेतू.

नावाआधी टिंब म्हणजे फाइल पडद्याआड, हा रिवाज युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, १९७० च्या दशकातला. बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगून ठेवलंय की हे कुणी ठरवून केलं नव्हतं. 'हे फोल्डर' आणि 'याच्या वरचं फोल्डर' यांच्यासाठी युनिक्समध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी 'पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळा' असं लिहून मोकळं झालं. पूर्ण नाव तपासायचा कंटाळा! त्या कंटाळ्याच्या आडोशाला आज जगभरच्या फाइली लपून बसल्या आहेत.

आता '.डीएस_स्टोअर' फोडून तरी काय मिळतं? मजकूर नाही, फोटो नाहीत, पासवर्ड तर नाहीच. मिळतात ती फोल्डरमधल्या फाइलींची नावं, कधी पुसलेल्यांचीसुद्धा. पण 'मृत्युपत्र_धाकट्याला_दाखवू_नये' असं नाव धाकट्याला पाठवलेल्या फोल्डरात निघालं, तर मजकूर वाचायची गरज कुणाला?

विंडोजवाल्यांनी यावर नाक मुरडू नये. त्यांच्याकडे 'थम्ब्स.डीबी' होती. एक्सपीच्या काळात आमच्या मावसभावाचं लग्न जमत होतं. आलेल्या स्थळांचे फोटो मावशीनं एका फोल्डरात ठेवले होते. लग्न ठरलं तसे तिनं बाकीचे फोटो पुसले, रीसायकल बिनही रिकामा केला. पुढे लग्नाचे फोटो त्याच फोल्डरात गेले आणि ते अख्खं फोल्डर सीडीवर. आमच्या इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं कुठलंसं सॉफ्टवेअर आणून सीडीवरची थम्ब्स.डीबी उघडली. मूळ फोटो पुसला तरी त्याची छोटी प्रत ही फाइल जपून ठेवायची. टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत सगळी जुनी स्थळं ओळीनं हजर! वहिनी चिडल्या नाहीत. एकेक फोटो निरखत म्हणाल्या, "ही तर माझ्याहून छान आहे हो, आई. हिला का नको म्हणालात?" मावशी तडक चहा टाकायला उठली. खरं उत्तर 'तिकडूनच नकार आला' असं होतं, ते थम्ब्स.डीबीत नव्हतं.

व्हिस्टापासून विंडोज ही चित्रं वापरणाऱ्याच्या खात्यात एका जागी ठेवतं, फोल्डराबरोबर ती सहसा फिरत नाहीत. मावशीला उशीर झाला.

तरी माझं स्पष्ट मत आहे, की टिंबवाल्या फाइलींना धरून बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर आपण उजळ माथ्यानं पाठवतो त्याच फाइलीत असतो. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरींच्या नावानं खडे फोडणारं एक पत्र नव्याकोऱ्या ईमेल खात्यावरून सगळ्यांना आलं. सही 'एक त्रस्त सभासद'. वर्डची फाइल होती. प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या, तर लेखकाच्या रकान्यात सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींचं नाव. टाकी त्याच आठवड्यात साफ झाली.

याच वाटेनं ब्रिटनचं सरकारही गेलं. २००३ च्या फेब्रुवारीत डाउनिंग स्ट्रीटनं इराकवरचा आपला दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवला, तोही वर्डमध्ये. त्यातला बराच मजकूर इब्राहिम अल-मराशी या संशोधकाच्या लेखातून उचललेला निघाला, ती शोभा वेगळीच. पण रिचर्ड स्मिथ या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं फाइलीत दडलेली शेवटच्या दहा फेरफारांची नोंद बाहेर काढली, फाइल कुणाकुणाच्या हातून गेली त्या नावांसकट. पंतप्रधानांचे माध्यमप्रमुख अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल यांना संसदीय समितीपुढे त्या मंडळींचा खुलासा करावा लागला.

फोटोचीही तीच कथा. अँटिव्हायरसमुळे घराघरांत पोचलेले जॉन मॅकअफी २०१२ च्या डिसेंबरात बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. सोबतच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश होते, ग्वाटेमालातले. जगाचे संगणक सांभाळायला निघालेल्या माणसाचा ठावठिकाणा एका फोनच्या कॅमेऱ्यानं फोडला.

तेव्हा पेन ड्राइव्हवर टिंबवाली फाइल दिसली तर खुशाल पुसा. काही बिघडत नाही, आणि मॅकला पुन्हा जोडलात की ती परत येईलच. पण वर्डची फाइल बाहेर धाडण्याआधी 'इन्फो'मध्ये जाऊन 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवलात तर ठिकाणाचा तपशील गळून जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर जसाच्या तसा पोचतो. घरचा पत्ता आपण सगळ्यांना सांगतोच म्हणा, पण निदान कुणी विचारल्यावर सांगा.