वेष्टणातून वाचन

भोपाळच्या मराठी मंडळींत पुस्तक परीक्षणाची कला इतकी प्रगत झाली आहे की पुस्तक उघडण्याचा त्रास कुणालाच घ्यावा लागत नाही. परवाच्या प्रकाशनात वक्ते गहिवरून म्हणाले, ‘या ग्रंथाने मला माणूस म्हणून घडवले.’ हातातल्या प्रतीवर प्लास्टिक तसेच होते. वेष्टणातूनच माणूस घडतो, तर पाने उलटून बोटे कशाला झिजवायची?

इथली शाहजहान बेगम राज्यकारभार सांभाळून ‘तहजीब-उन-निसवाँ’ हा ग्रंथ लिहीत बसली. बिचारीला वाटले असणार, लोक वाचतील. पुढे वाचायला जागाही झाली: १९८२ मध्ये मोठ्या तलावाकाठी चार्ल्स कोरियांच्या आराखड्याचे भारत भवन उभे राहिले. त्यात ‘वागर्थ’ हे कवितेचे केंद्र, ग्रंथालयासकट. पायऱ्यांवर बसले की समोर तलाव. अशा ठिकाणी पुस्तकात डोके घालणे म्हणजे त्या पाण्याचा अपमानच. (मंडळी तो कटाक्षाने टाळतात.)

आता आमच्या एका कविमित्राने पुढचे पाऊल टाकले आहे. यंदा त्याने संग्रह फक्त जाहीर केला, छापला नाही. परीक्षणे तीन आली, तिन्ही भरभरून स्तुतीची. एकात मात्र मुद्रणदोषांबद्दल सौम्य नाराजी आहे.