येत्या रविवारी

श्रीयुत संकेतस्थळकार, मुक्काम हिंजवडी, यांस


पत्रास कारण की, आमच्या वक्तृत्व मंडळाच्या संकेतस्थळावर आपण दोन वर्षांपूर्वी लावलेली सूचना गेल्या रविवारी फळास आली. 'येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता शालेय वक्तृत्व स्पर्धा, मंडळाच्या सभागृहात.' तारीख नाही, महिना नाही, साल नाही. इतरांच्या सूचना कार्यक्रम उरकला की शिळ्या होतात. आपली दर सोमवारी पुन्हा ताजी होते. दोन पावसाळे गेले, भाटघरचे पाणी दोनदा चढले आणि उतरले, पण आपला रविवार अजून येतोच आहे.

बाकीचे गुण ओझरते सांगतो. मुखपृष्ठावर तोरणा आणि राजगडाचे ड्रोनने टिपलेले फोटो आळीपाळीने सरकतात. वेल्ह्याच्या खोऱ्यात रेंजची एक काडी आली की आधी बुरूज उतरतो, मग माची, आणि मजकूर उतरायच्या आत काडी जाते. सनई आपोआप वाजू लागते, ती बंद करायचे बटण सापडत नाही. अध्यक्षांचे मनोगत जुन्या फाँटातून उचलून चिकटवल्यामुळे मोबाइलवर नुसती रोमन अक्षरे आणि टिंबे दिसतात. अध्यक्ष व्यासपीठावरही साधारण तसेच बोलत असल्याने तक्रार आलेली नाही. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मंजूर केले, ती वार्ता आपल्यापर्यंत पोचायची आहे. आणि 'संपर्क' या पानावर लिहिले आहे, 'लवकरच येत आहे'.

हे मंडळ लोकांना बोलायला शिकवते, हे आपल्या कानावर असेलच. पाच मिनिटे झाली की आम्ही घंटा वाजवतो. पहिल्या दोन वाक्यांत विषय कळला पाहिजे, असे मुलांना बजावतो. आणि आमच्या स्वतःच्या पानाला कधी, कुठे आणि कोणाला फोन करायचा, या तीन गोष्टी सांगता येत नाहीत. हे पान स्पर्धेत उतरले असते तर मी त्याला दहापैकी दोन गुण दिले असते, तेही पोशाखाचे.

आता रविवारचे ऐका. सकाळी साडेनऊला सभागृहाशेजारच्या चहावाल्याचा फोन आला, "सर, कोण तरी पोरगी आलीय, कुलूप बघून बसलीय." गेलो. आठवी-नववीतली मुलगी, इस्त्रीचा गणवेश, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, हातात घडी केलेले चार कागद. सोबत वडील. वेल्ह्याच्याही पलीकडच्या वाडीवरून आले होते. अंधारात निघून आधी वेल्हे, मग मार्गासनी, विंझर करत नसरापूर, तिथे गाडी बदलून कापूरहोळ, मग भोर. रविवारचा रोज बुडवून.

"नेटवर होतं ना," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नेटवर होतं," जणू चूक वाचणाऱ्याचीच. मी म्हटले, आली आहेस तर भाषण म्हण, आम्ही ऐकतो. तिने मान हलवली, नको. कागदांची आणखी एक घडी घातली आणि विचारले, "मग येत्या रविवारी आहे का?"

संकेतस्थळकार, त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवे होते, ते आपणच सांगा. सनई लावायला आपल्याला वेळ मिळतो. पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा बसवायला मिळतो. एक ओळ पुसायला मिळत नाही? ड्रोन राजगडावर चढवलात, पण त्याच राजगडाच्या तालुक्यातून कोणी पोर खरोखर एसटीत बसून येईल, हे एकदाही डोक्यात आले नाही? लाज वाटली. संतापही आला. दोन्ही आपल्या नावे जमा करून टाकले आणि घरी आलो.

रात्री दहाला आपल्याला फोन लावला. मुद्दे कागदावर काढून ठेवले होते, वक्त्याची सवय. आपण शिफ्ट संपवून बसमध्ये होतात. सगळे ऐकून घेतलेत आणि एवढेच म्हणालात, "काका, पण मजकूर कुठंय?"

मग मी मंडळाचा ग्रुप वर सरकवत गेलो. जून : 'कृपया नवीन कार्यक्रमांचा मजकूर पाठवा.' त्याखाली नऊ अंगठे. ऑक्टोबर : 'जुनी सूचना काढायची का?' त्याखाली शुभ सकाळ आणि गुलाबाचे फूल. जानेवारी : पुन्हा तेच, आणि त्याखाली एक उत्तर. 'येत्या रविवारी निवांत बसून सगळे देतो.' पाठवणारा मी. आणखी वर गेलो तर मूळ सूचनाही सापडली. तीही माझीच, तारखेशिवाय. तू फक्त चिकटवली होतीस.

आता 'आपण' पुरे. संकेतस्थळ करायचे ठरले ती सभा मला आठवते. रंग भगवा की निळा यावर दीड तास, कोणाचा फोटो आधी यावर एक तास. टोस्टमास्टर्सचे कोणीसे पाहुणे आले होते. भाषणकला शिकवणारी, १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ती संस्था. पदाधिकारी ठरावीक काळाने बदलतात, म्हणून तिच्या क्लबांसाठी फ्रीटोस्टहोस्ट नावाचा संकेतस्थळाचा तयार, फुकट साचा आहे. पाहुणे म्हणाले, असेच काहीतरी साधे घ्या आणि किल्ली माणसाकडे नव्हे, पदाकडे ठेवा. आम्ही म्हटले, फुकटचे मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि तुझ्याकडून फुकट करून घेतले. दर महिन्याला लिहिणार कोण, हा प्रश्न त्या सगळ्या सभेत कोणी विचारला नाही.

त्याच फोनवर कळले की संकेतस्थळाच्या नावाचे, म्हणजे डोमेनचे, नूतनीकरण तू तीन वर्षे स्वतःच्या कार्डाने करतो आहेस. तूच समजावलेस : डॉट कॉमची मुदत संपली की आधी सवलतीचे दिवस, मग दंड भरून सोडवायचे तीस दिवस, आणि आणखी पाच दिवसांनी ते नाव कोणालाही मोकळे. म्हणजे मंडळ तुझ्या खिशातून जगत होते आणि आम्ही वार्षिक सभेत 'संकेतस्थळावर खर्च : शून्य' वाचून टाळ्या घेत होतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ना रेंज होती ना ड्रोन. आमच्याकडेही संकेतस्थळापूर्वी सभागृहाबाहेर नुसता एक फळा होता. शिपाई रोज ओल्या फडक्याने तो पुसायचा, कारण पुसल्याशिवाय नवे लिहिता येत नाही. संकेतस्थळ काढले तेव्हा फळा अडगळीत टाकला, आणि फडके कोणाच्या हाती द्यायचे ते ठरवलेच नाही.

तेव्हा गड, सनई आणि मनोगत सगळे काढ. पांढऱ्या पानावर तीन ओळी ठेव. पासवर्ड सभागृहाच्या चावीबरोबर कार्यवाहाच्या कपाटात राहील. तीन वर्षांची पावती पाठव. पैसे मंडळ देईल, नाही दिले तर मी देईन. त्या मुलीच्या वडिलांचा नंबर घेऊन ठेवला आहे. त्यांना सांगायला मला एक तारीख हवी आहे, सालासकट.

तुझा,
कार्यवाह

ता. क. मजकूर येत्या रविवा— हे खोडले असे समज. आज रात्रीच पाठवतो.