नंतरवाले काका

काकांच्या संगणकाला कीबोर्ड आहे, माऊस आहे, धूळ बसू नये म्हणून काकूंनी जुन्या पडद्याचं शिवलेलं झाकण आहे. पण तो यातल्या कशावर चालत नाही. तो चालतो शेजारी ठेवलेल्या दोनशे पानी काळ्या वहीवर.

वहीचा जन्म सरकारी आहे. काका साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते. एमएस-सीआयटी पास नसाल तर वेतनवाढ थांबेल, असं शासनानं बजावलं तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. मुलीच्या वयाच्या मॅडमपुढं बाकावर बसून त्यांनी धडे गिरवले आणि मॅडम बोलल्या ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. पहिल्या पानावर 'श्री'. त्याखाली तांबड्या शाईत, 'खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण. त्यावर एकदा.' मग, 'इंटरनेटसाठी निळा ई. त्यावर दोनदा. एकदाच दाबल्यास काही होत नाही, घाबरू नये.'

संगणकाच्या पोटात काय आहे याच्याशी काकांना देणंघेणं नाही. कुठं आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. रात्री वीज गेली की आपण नाही का अंधारात सरळ जाऊन फडताळातली काडेपेटी उचलत? तसं. फक्त काकांच्या घरी ती काडेपेटी हलवून ठेवायला दर महिन्याला कुणीतरी येतं.

ते हिरवं बटण पुढं निळसर गोल झालं, इथवर काकांनी चालवून घेतलं. २०१२च्या विंडोज ८ मध्ये ते नाहीसंच झालं. जगभर ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी परत आलं. २०२१ साली विंडोज ११ मध्ये कोपरा सोडून मधोमध जाऊन बसलं. काकांकडं हा सारा इतिहास एकाच पानावर आहे. मूळ ओळीवर काट, समासात 'बटण गेले', खाली 'बटण आले', आणि पान पुरेना म्हणून डिंकानं चिकटवलेली चिठ्ठी, 'मध्ये पाहावे'. निळ्या ईच्या पानाभोवती तर काळी चौकट आहे. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका अभियंत्यानं त्याचा चक्क दगडी समाधीलेख उभा केला होता. मी ती बातमी दाखवली. काका म्हणाले, "निवृत्त झाला हे ठीक. पेन्शन कोण खातंय?"

(त्यांचं खरं प्रेम विंडोज एक्सपीच्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीवर. ती कासच्या रस्त्यावरची आहे, हे ते शपथेवर सांगतात. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं १९९६ साली कॅलिफोर्नियात तो फोटो काढला, असं मी एकदा बोलून गेलो. "असेल. त्याला म्हणावं, एकदा श्रावणात साताऱ्याला ये." २०१४च्या एप्रिलमध्ये एक्सपीची देखभाल बंद झाली, तरी काकांनी टेकडी पुढं दोन वर्षं सोडली नाही.)

आता 'नंतर'बद्दल. अपडेट आलं की चौकट उघडते आणि दोन पर्याय देते, आत्ता की नंतर. 'नको' असं बटणच नाही. काकांनी ते पहिल्यांदा शोधलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा शोधलं. मग 'नंतर' दाबलं, आणि गेली कित्येक वर्षं ते तेच दाबत आहेत. सोसायटीतली पोरं त्यांना नंतरवाले काका म्हणतात, ते यावरून.

यात काकांची बाजू समजून घ्यायला हवी. ज्या माणसानं तीस वर्षं कचेरीत काढली, त्याच्या लेखी 'नंतर' हा काळ नव्हे, निर्णय असतो. फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला की ती सहा महिने तोंड दाखवत नसे. 'पुढील बैठकीत ठेवावे' म्हटलं की तो विषय आणि बैठक दोन्ही मिटत. प्रकरण न नाकारता संपवायचं कसब काकांनी उभ्या नोकरीत कमावलं आणि गाठ पडली ती नेमकी अशा यंत्राशी, की ज्याला नंतर म्हटलं तर ते खरंच नंतर येतं.

बरं, फुली मारावी तर तीही भरवशाची नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट विंडोज १० फुकट वाटत होतं. त्याच्या सूचनेवर फुली मारून खिडकी बंद केली, तरी ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती चढायची. फुलीचा अर्थ 'कळलं, होऊ द्या' असा धरला जाई. त्यावरून जगभर बोंब झाली. काकांचं म्हणणं थोडक्यात होतं: "मुलीकडच्यांनी नकार कळवला, तर यांनी पत्रिका छापायला टाकली."

तरी काका नुसते चडफडणारे नाहीत, अभ्यासू आहेत. मायक्रोसॉफ्टची अपडेटं २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात हे कळल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या चौकोनांत तांबडी खूण केली. संकष्टी, गॅसचा नंबर, दुधाचा खाडा आणि 'अपडेट' हे सगळे तिथं गुण्यागोविंदानं नांदतात. अमेरिकेतली मंगळवारची सकाळ म्हणजे आपली रात्र, तेव्हा प्रसाद आपल्याकडं पोचतो बुधवारी. म्हणून बुधवारी काका संगणकाला हात लावत नाहीत. ब्राउझरचं वेगळं पंचांग. क्रोम आणि फायरफॉक्स दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतात. क्रोम पूर्वी कोपऱ्यात खूण दाखवायचा, दोन दिवसांच्या आत हिरवी, चार दिवसांनी नारंगी, आठवडा उलटला की लाल. काकांनी वहीत नोंद केली, 'हिरवा: जावे. नारंगी: जपून जावे. लाल: थांबावे.' आणि थांबले.

आम्ही त्यांना 'कामाचे तास' लावून दिले होते. त्या वेळेत यंत्र आपण होऊन बंद पडून चालू होत नाही, आणि ती मर्यादा अठरा तासांपर्यंत वाढवता येते. काकांनी अर्थातच अठरा घेतले, पहाटे पाच ते रात्री अकरा. उरलेले सहा तास अपडेटचे. पण अकराला झोपताना काका भिंतीवरचं मेन बटण बंद करतात. वीजबिल आणि वीज, दोन्हींच्या धाकानं. यंत्र बिचारं दिवसा हात बांधून आणि रात्री गळा आवळून पडलेलं. साचत साचत जाऊन ते एके दिवशी फुटणारच.

फुटलं २८ सप्टेंबरला. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून सेक्रेटरी या नात्यानं काका ती २९ला घेतात. आदल्या रात्री ते अहवाल टाइप करत होते. टाकीची सफाई, गळतीचा खर्च, तळमजल्याची थकबाकी. बँकेचं पान एका टॅबमध्ये, महापालिकेचं दुसऱ्यात, वीजबिल तिसऱ्यात. अहवाल सेव्ह केला नव्हता, कारण वहीच्या एक्केचाळिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलंय, 'काम संपल्यावर शेवटी सेव्ह करावे', आणि काम संपलेलं नव्हतं. मध्ये एक चौकट आली. काकांनी सवयीनं काहीतरी दाबलं. काय दाबलं, हे आजही चौकशीच्या पातळीवर आहे. काकूंनी जेवायला हाक मारली. पिठलं-भाकरी खाऊन परतले तो पडदा निळा, मध्ये टिंबं गोल फिरतायत, आणि खाली मजकूर: बारा टक्के पूर्ण, कृपया संगणक बंद करू नका.

मला बोलावणं आलं. मी जाऊन करणार काय? खुर्ची ओढून बसलो. ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे आम्ही दोघं. आतून काकू अधूनमधून विचारत होत्या, "किती आहे आता?" ताप विचारावा तसं. अठरा. सव्वीस. तिसावर काटा अडकला आणि चाळीस मिनिटं हलला नाही. "गेला काय रे?" काका दबक्या आवाजात म्हणाले.

वेळ काढायला मी त्यांना कारण समजावू लागलो. यंत्र चालू असताना त्याचे काही भाग सतत वापरात असतात, वापरातली फाईल बदलता येत नाही, म्हणून सगळ्यांना उठवून पुन्हा बसवावं लागतं. गादीवर माणूस झोपलेला असताना चादर कशी बदलणार?

"माणसाला उठवून बदलावी," काका म्हणाले. "गादीसकट पालथा कशाला घालायचा?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

साडेअकराला शंभर टक्के झाले, पडदा काळा झाला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून लागली. पाऊण वाजता एकदाचं 'नमस्कार' उमटलं. अहवाल गेला होता. ब्राउझर उघडला तो नवे कपडे घालून. तीनही टॅब लुप्त, आणि त्यांच्या जागी एक हसरं पान, तुमच्यासाठी काय काय नवं आणलंय ते पाहा! बँकेनं सत्र संपल्याचं कळवलं. आवडीच्या पानांची पट्टी कुठं गेली ते मी शोधतोय तोवर काकांनी वहीतून चार ताव फाडले आणि पेनचं टोपण उघडलं. पहाटेपर्यंत अख्खा अहवाल हातानं उतरला. दुसऱ्या दिवशी सभेत वाचला तेव्हा, आमच्या सोसायटीच्या इतिहासात प्रथमच, बेरीज जुळली.

त्यांची लेक बंगळूरला असते, संगणकाच्याच कामात. तिनं फोनवर त्यांना वॉनाक्रायची गोष्ट सुनावली. मे २०१७ मध्ये त्या खंडणीखोर व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या, आणि त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच येऊन पडली होती. "ज्यांनी नंतर म्हटलं, बाबा, तेच सापडले." लेकीचं म्हणणं खरं आहे, आणि मी तिच्याच बाजूचा आहे, फक्त काकांच्या देखत नाही. काका घाबरले. पुढचा पंधरवडा ते उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी, 'अपडेट तपासा' दाबत. यंत्र म्हणे, सगळं अद्ययावत आहे. "मग त्या रात्री कसली घाई होती?" काका त्याला विचारत.

पण १९ जुलै २०२४ला शुक्रवारी काकांचे दिवस फिरले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर रांगा लागल्या, आणि आपल्याकडं प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. काकांनी त्या पासाचा पेपरात आलेला फोटो कापून वहीच्या पहिल्या पानावर, 'श्री'च्या शेजारी चिकटवला. मला बोलावून दाखवला. "अक्षर बघ. टपोरं आहे." त्या संध्याकाळी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कंदी पेढे मिळाले. निमित्त काय, ते काकूंनी कुणालाच सांगितलं नाही.

काकू या साऱ्यात कुठं बसतात, असं कुणी विचारेल. काकूंचंही अपडेट असतं, वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. तारीख त्या ठरवतात. सगळ्यांना जागचं उठवतात. नंतर साखरेचा डबा चहाच्या जागी, चहा फडताळात, आणि काकांचा चष्मा आठ दिवस कुठंच नसतो. विचारलं तर म्हणतात, "काही बदललं नाही, नुसतं आवरलंय." त्याविरुद्ध काकांनी वहीत कधी अवाक्षर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

यंदा वसुबारसेच्या दोन दिवस आधी मी सहज गेलो होतो. काका खुर्चीत ताठ बसले होते. लेकीला दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, आपण होऊन, दिवसाढवळ्या 'आत्ता' दाबलं होतं. पडदा निळा, टिंबं फिरतायत, चौसष्ट टक्के, कृपया संगणक बंद करू नका. कमरेला पदर खोचून, हातात केरसुणी घेऊन काकू दारात उभ्या.

"उठा. टेबल सरकवायचंय."

"अगं, पाच मिनिटं. नंतर..."

"तुमचं नंतर ऐकत बसले तर दिवाळी शिमग्याला येईल," काकू म्हणाल्या, आणि भिंतीवरचं मेन बटण खाली केलं.