गल्ल्यावर बसल्या बसल्या समाजप्रबोधन
(फरसाण, किराणा व तत्सम दुकानदारांसाठी प्राथमिक धडे)

लागणारं भांडवल : एक फोन आणि दुपारी दोन ते चारची मंदी.

१. विषय निवडा. पाणी, झाडं, चिमण्या चालतील. चिमण्या उधारी मागत नाहीत. दुकानासमोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल मात्र अवाक्षर काढू नका. नगरसेवकांच्या दिवाळी फराळाची ऑर्डर आपल्याकडेच असते ना?

२. तारखा पाठ करा. आठ मार्चला काउंटरवरच्या मुलीचा फोटो टाका, खाली ‘नारीशक्ती’ लिहा. तिने सुट्टी मागितली असेल तर फोटो काढून झाल्यावर नाकारा. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी पाटीचा फोटो. पाट्या बदलायला सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली होती, हे सांगत बसू नका. ‘मायबोलीच्या प्रेमापोटी’ एवढं पुरे.

३. आता मुख्य धडा, पाच जूनचा. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिने कैद. म्हणजे विषय जिव्हाळ्याचा आहे. एक कापडी पिशवी शिवून घ्या. एकच, ती रीलसाठी आहे. हातात धरा, वसुंधरेबद्दल दोन शब्द बोला, मग इस्त्री करून पुन्हा गल्ल्यात ठेवा. मागच्या खुंटीवरचा कॅरीबॅगांचा गठ्ठा कॅमेऱ्यात येतोय का, तेवढं आधी बघा. नवशिके नेमके इथे फसतात, बिचारे. रील पाहून कुणी कापडी पिशवी मागितलीच, तर ‘आत्ताच संपल्या, उद्या येतील’ म्हणा. नगरपालिकेचं पथक आलं तर त्यांनाही रील दाखवा. कौतुक करतील. पावतीही फाडतील. तिचा फोटो टाकू नका.

४. ठाम भूमिका शक्यतो स्टेटसलाच ठेवा. चोवीस तासांत आपोआप जाते.

५. टीका झाली तर? समजा, कुणी लिहिलं, ‘काका, परवा चकली प्लास्टिकच्या पिशवीतच दिलीत.’ वाईट वाटणारच. इतकं करूनही लोकांना किंमत नसते. पण वाद घालू नका. ‘आपल्या सूचनेचा आदर आहे’ असं लिहा, हात जोडलेली इमोजी टाका आणि रात्री दुकान वाढवताना कमेंट उडवा. गिऱ्हाईक पुन्हा आलं की शंभर ग्रॅम चकली वर घाला. पिशवी दुहेरी द्या, नाहीतर फाटते.