घर घेऊन घराबाहेर

वीकेंडला घरात जीव गुदमरतो, म्हणून आम्ही घरच बरोबर घेऊन निघालो. एसी, फ्रिज, गॅस, चौघांची पथारी आणि एक संडास असा सगळा संसार चाकांवर बसवलेली कॅम्पर व्हॅन मेहुण्याने भाड्याने ठरवली. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे चाक फिरत होतं. त्यात एप्रिल म्हणजे भंडारदऱ्याचा ऑफ सीझन. भाव निम्मा आणि गर्दी शून्य, असा त्याचा हिशेब.

कसारा घाट चढून, घोटीवरून भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला पोहोचलो आणि ऑफ सीझनचा अर्थ कळला. काजवे मेअखेरीस येतात, धबधबे पावसाबरोबर. रंधा फॉल म्हणजे उन्हात वाळत पडलेला कातळ आणि अंब्रेला फॉल म्हणजे मिटून कोपऱ्यात ठेवलेली छत्री. आर्थर लेकचं पाणी इतकं आत गेलेलं, की काठावरून त्याला हाक मारावी. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं, हा तलाव अडवणारं विल्सन धरण तेवढं जागेवर होतं. पाणी आवर्तनं घेत घेत खाली प्रवरेकाठच्या उसाला भेटायला गेलं होतं.

व्हॅन तलावाला खेटून लावायची आणि गादीवर लोळत लाटा बघायच्या, हा बेत. पण काठाकडची बैलगाडीची वाट व्हॅनच्या पोटाला लागली. शेवटी एका खानावळीसमोर मुक्काम ठोकला. खिडकीतून तलावाऐवजी ‘चुलीवरचे जेवण मिळेल’ ही पाटी दिसत होती. एसीसाठी खानावळीच्या बोर्डावरून वायर ओढली.

“आत्ता कशाला आलात, दादा? आता इथं काय बी नाही,” खानावळवाल्या मावशी म्हणाल्या.

“शांततेसाठी.”

“मग ती गाडी बंद करा की!”

व्हॅनची टाकी भरायला पाणी मागितलं, तर नळ दिवसाआड येतो असं कळलं. मावशींनी डोक्यावरचा हंडा न उतरवताच हनुवटीने विहिरीची वाट दाखवली. मागे धरण, पुढे हंडा. मेहुण्याने फोटो काढून ‘साधं, सुंदर ग्रामीण जीवन’ असं लिहून लगेच स्टेटसला ठेवला. शॉवर मात्र आम्ही तत्त्व म्हणून रद्द केला.

रात्री अकराला वीज गेली. एसी थांबला. खिडकी उघडावी तर डास, न उघडावी तर घाम. आतल्या संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, यावर बराच वेळ बौद्धिक चर्चा झाली. बाहेर मावशींच्या अंगणात, खाटेवर आमचा ड्रायव्हर घोरत होता. त्याच्या अंगावर एक चादर आणि वर कळसूबाईपर्यंत पसरलेलं चांदणं. आम्ही चौघे काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होतो.

सकाळी निघताना विचारलं, “मावशी, तुमचा ऑफ सीझन कधी असतो हो?”

“म्हंजे काय?” त्यांनी विचारलं आणि रिकामा हंडा उचलला.

हिशेब असा: व्हॅनचं दोन दिवसांचं भाडं, डिझेल, घाटातला चहा आणि पिठलं-भाकरी. खाटेचे पैसे मावशींनी घेतले नाहीत. तेव्हा वाचकहो, ऑफ सीझनला जरूर जा. घर घरीच ठेवा, चादर घ्या आणि जमलं तर पिण्याचं पाणीही घरूनच न्या.